सीएनसीचं टेबल बनवताय? या चुका टाळा

माझं पहिलं टेबल बनवून झालं तेव्हा मी त्यावर उभा राहून बघितलं. कुरकुरलंसुद्धा नाही. मग संगणकाच्या हुकुमावर कोरणारं सीएनसी मशीन चढवलं, एक चौकोनी खळगा कोरायला लावला, आणि प्रत्येक कोपरा वळल्यावर कडेला बारीक लाटा उमटल्या. वजन पेलण्याची परीक्षा टेबल पास झालं होतं. पण ती परीक्षाच चुकीची होती.

गॅन्ट्री, म्हणजे कटर धरून रेलवरून सरकणारी कमान, धावते, थांबते, उलटी फिरते आणि दर वेळी टेबलाला आडवा धक्का देते. धक्का फार मोठा नसतो. १० किलोची गॅन्ट्री आणि त्वरण सेकंदाला ५०० मिलिमीटर प्रतिसेकंद धरलं, तर बल भरतं ५ न्यूटन, म्हणजे साधारण अर्धा किलो वजनाइतकं. पण झोपाळ्याला नेमक्या वेळी बोटाने ढकलत राहिलं तरी तो उंच जातोच ना? डुगडुगणाऱ्या टेबलाचं तसंच होतं.

म्हणून पहिली चूक: पाय जाड करत बसणं आणि तिरकी पट्टी न लावणं. चार काटकोनी सांधे कितीही घट्ट आवळले, तरी चौकोन तिरपा होऊ शकतो. त्रिकोण होत नाही. दोन्ही बाजूंना आणि मागे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक तिरकी पट्टी टाका, किंवा त्याहून सोपं म्हणजे तिन्ही बाजू १२ मिलिमीटर प्लायवूडने बंद करा, सरस आणि स्क्रू दोन्ही लावून. लावण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते मोजा, कारण वाकडी चौकट एकदा प्लायने बंद झाली की तशीच राहते. पुढची बाजू उघडी ठेवायची असेल तर तिथल्या कोपऱ्यांत प्लायचे मोठे त्रिकोण बसवा. तळहाताएवढे नकोत, चांगले वीतभर तरी हवेत.

आडव्या पट्ट्या पायांना बाहेरून नुसत्या स्क्रूने ठोकणं हीसुद्धा नेहमीची गोष्ट. तिथे सगळा भार स्क्रूच्या दांड्यावर येतो आणि भोक हळूहळू सैल होतं. पाय दोन फळ्या चिकटवून करा, आतली फळी आखूड ठेवा आणि पट्टी तिच्या डोक्यावर बसवा. मग लाकडावर लाकूड टेकतं आणि स्क्रूला फक्त धरून ठेवायचं काम उरतं. फळीच्या टोकाकडच्या कापावर सरस नीट धरत नाही, त्यामुळे तिथे नुसत्या सरसावर विसंबू नका. आणि स्क्रू घालताना वरच्या फळीतलं भोक स्क्रूच्या आट्यांपेक्षा किंचित मोठं पाडा. नाहीतर आटे दोन्ही फळ्यांत पकडतात, मधली फट तशीच राहते, आणि आपल्याला मात्र वाटतं की करकचून आवळलंय.

आता वरचा पाट. एका १८ मिलिमीटर प्लायवर दुसरी फळी नुसती ठेवली किंवा चार स्क्रूंनी अडकवली, तर कडकपणा जेमतेम दुप्पट होतो. तेच दोन थर संपूर्ण पृष्ठभागावर सरस लावून, शिकंजे आणि वजनं ठेवून एकजीव केले, तर आठपटीच्या जवळ जातो, कारण कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. हाच हिशोब आधारांनाही लागू आहे: मध्ये एक आडवी पट्टी टाकून अंतर निम्मं केलं की वाकणं एक अष्टमांशावर येतं. सरसाचा डबा स्वस्त पडतो, एवढंच सांगतो. अखंड लाकडाच्या फळ्या पाटासाठी वापरू नका. हवेतल्या ओलाव्याने त्या लाकडाच्या रेषांना आडव्या फुगतात, आकसतात, आणि चौकटीला पक्क्या चिकटवल्या असतील तर वाकतात किंवा तडकतात. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) वापरलं तर रंग किंवा सीलर दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावलं तर उघडी बाजू ओलावा पिते आणि पाट कमानीसारखा होतो.

हलक्या पण कडक पाटासाठी टॉर्शन बॉक्स उत्तम: खाली-वर पातळ प्लाय आणि मध्ये उभ्या पट्ट्यांची जाळी. पण तो वाकड्या जमिनीवर चिकटवला तर जमिनीचा पीळ त्यात कायमचा उतरतो. मग तो काढता येत नाही, नवा बनवावा लागतो.

पीळ हा शब्द लक्षात ठेवा, कारण लोक पाणसळ घेऊन टेबल समपातळीत आणायला तासन्‌तास घालवतात आणि पीळ बघतच नाहीत. टेबल एका बाजूला दोन मिलिमीटर उतरतं असलं तरी मशीनला काही फरक पडत नाही. एक कोपरा मात्र दोन मिलिमीटर वर असेल आणि त्यावर मशीन बोल्टने आवळलं, तर मशीनची चौकटच पिळते आणि दोन्ही रेल समांतर राहत नाहीत. तपासायला दोन दोरे पुरतात. कर्णांवरून, तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून ताणून बांधा. मध्ये ते एकमेकांना दाबत असतील किंवा त्यांत फट असेल, तर पीळ आहे. मग खालचा दोरा वर घेऊन पुन्हा बघा. पायांना कमी-जास्त करता येणारे स्क्रू असतील तर टेबल जागेवर ठेवूनच पीळ काढता येतो. मशीनच्या पायाखाली फट दिसली तर बोल्टने ती मिटवू नका, पातळ पत्रा सरकवा. बलीची फळी, म्हणजे कामाखाली ठेवलेली, कटर लागला तरी चालेल अशी फळी, कटरने सपाट केली की सगळं ठीक होतं हा गैरसमजही सोडा. त्याने फळी गॅन्ट्रीच्या वाटेला जुळते, गॅन्ट्रीची वाट सरळ होत नाही.

चाकांवर उभं टेबल ब्रेक लावूनही हलतं. हलवायचं असेल तर चाकं वर उचलली जातील आणि पाय जमिनीला टेकतील अशी सोय करा. आवाज कमी व्हावा म्हणून मशीनखाली मऊ फोम घालणंही टाळा, त्यावर अख्खं मशीन डोलतं. त्यापेक्षा खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवा.

एवढं करूनही लाटा येत असतील तर आधी टेबलाचा नाद सोडा आणि मशीन बघा. गॅन्ट्रीवर डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापक) लावून त्याचं टोक बेडला, म्हणजे मशीनच्या काम ठेवायच्या पाटाला, टेकवा. आधी टेबलाला हाताने ढकला, मग स्पिंडलला, म्हणजे कटर फिरवणाऱ्या मोटरला. पहिल्या वेळी काटा गप्प आणि दुसऱ्या वेळी उडाला, तर दोष गॅन्ट्रीच्या सैल चाकांत, ढिल्या बेल्टमध्ये किंवा कोलेटबाहेर (कटर पकडणाऱ्या चिमट्याबाहेर) फार लांब काढलेल्या कटरमध्ये शोधा. दोन्ही वेळा उडत असेल तर आधी टेबलाचे बोल्ट तपासा. नवं लाकूड पहिल्या काही महिन्यांत आकसतं आणि वॉशर सैल पडतात. माझ्या दुसऱ्या टेबलाचे तर सोळापैकी अकरा बोल्ट पाव फेरा तरी फिरले.