वारा फिरला तर मार्क कधी आणि कसा हलवायचा?

मुंबई बंदरात हिवाळ्यात शिडाच्या होड्यांची शर्यत घ्यायची आणि तिचे मार्क, म्हणजे होड्यांनी वळसा घालायच्या तरंगत्या खुणा, योग्य जागी ठेवायचे, तर वाऱ्याची दिनचर्या आधी ओळखावी लागते. सकाळी जमिनीवरून मतलई वारा वाहतो, दुपारकडे तो पडतो. मग पश्चिमेकडून खारा वारा उठतो आणि हळूहळू वायव्येकडे सरकतो. अशा वेळी ऑप्टिमिस्ट या छोट्या होडीतली मुलं, एकट्यानं चालवायच्या आयएलसीए आणि दोघांनी चालवायच्या सुसाट ट्वेंटीनाइनर एकाच मार्गावर असतील, तर वारा किती फिरला यापेक्षा कोणती होडी कुठे पोचली आहे, हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

पहिलं काम मोजण्याचं. नांगरलेल्या बोटीवरूनच वाऱ्याची दिशा घ्या. ओहोटीबरोबर वाहत जाणारी बोट खोटा वारा दाखवते. दर पाच मिनिटांनी नोंद करा. आकडा दोन्हीकडे झुलत असेल, तर मार्कला हात लावू नका, मधली दिशा धरा. एकाच बाजूला सरकत चालला असेल, तरच बदलाचा विचार करा.

किती सरकला की हलवायचं? होडी वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन करून वर, म्हणजे वाऱ्याच्या दिशेकडे, चढते असं धरलं, तर वारा १० अंश फिरल्यावर साधारण ५९ टक्के अंतर एकाच टॅकवर (वारा एकाच बाजूनं घेत) जातं, १५ अंशांना ६३ टक्के आणि २० अंशांना ६८. मी १० अंशांपर्यंत थांबतो, १५ दिसले की मार्क हलवतो. एक नॉटिकल मैलाच्या लेगवर (दोन मार्कमधल्या टप्प्यावर) दर अंशाला मार्क सुमारे ३२ मीटर सरकवावा लागतो, म्हणजे १५ अंशांसाठी जवळजवळ अर्धा किलोमीटर. मार्क बोटीला नांगर उपसून तिथे जायला लागणारा वेळ आधीच हिशेबात धरा.

सुटण्यापूर्वीचा बदल सोपा. एपी झेंडा (शर्यत थोडी पुढे ढकलल्याची खूण) दोन भोंग्यांसह चढवा, सुटण्याची रेषा आणि मार्क नीट लावा, मग एका भोंग्यासह झेंडा उतरवा. एका मिनिटानं सुटण्याआधीचा इशारा. एक वर्ग, म्हणजे एकाच प्रकारच्या होड्यांचा गट, सुटून गेला असेल, तर त्याचा पहिला लेग आता बदलता येत नाही, कारण शिडाच्या शर्यतींच्या नियमावलीतल्या नियम ३३ प्रमाणे मार्कपासून किंवा गेटपासून (दोन मार्कच्या जोडीपासून) सुरू होणारा लेगच बदलता येतो. मागच्या वर्गाला मात्र त्याच्या वर्गझेंड्यावर एपी लावून थोपवता येतं.

खरी कसोटी शर्यत चालू असताना. गेटजवळ बोट उभी करा, सी झेंडा (पुढचा लेग बदलल्याची खूण) लावा, भोंगा पुन्हा पुन्हा वाजवा आणि नवं बेअरिंग, म्हणजे होकायंत्रावरची दिशा, दाखवा. किंवा बदल उजवीकडे असेल तर हिरवा त्रिकोण, डावीकडे असेल तर लाल आयत. हा संकेत त्या वर्गाची पहिली होडी नवा लेग सुरू करण्यापूर्वी लागला पाहिजे आणि शेवटची होडी गेटमधून जाईपर्यंत राहिला पाहिजे. नवा मार्क तोवर जागेवर नसला तरी चालतं. बदल एकाच वर्गापुरता असेल, तर सी त्या वर्गाच्या झेंड्याच्या वर लावा. आघाडीच्या चार होड्या आधीच पुढे गेल्या असतील, तर मोह आवरा आणि त्या वर्गाचा तो लेग आहे तसाच राहू द्या.

नवा मार्क वेगळ्या रंगाचा हवा, आणि तो रंग शर्यतीच्या सूचनापत्रात लिहिलेला हवा. ट्वेंटीनाइनर पिवळ्या मार्ककडे निघाल्या, तरी ऑप्टिमिस्ट अजून जुन्या नारिंगीकडेच चढत असतात, त्यामुळे काही वेळ दोन्ही मार्क पाण्यात राहणार. सकाळच्या बैठकीत मुलांना हे रंग दाखवून समजावा. एकदा मी घाईनं नारिंगी मार्क उचलायला सांगितलं, तेव्हा दोन मुलं अजून खाली, मार्कपर्यंत न पोचलेली, होती. मार्क बोट परत पाठवून तिच्यावर एम झेंडा (मार्कच्या जागी हीच बोट धरा, अशी खूण) लावला, भोंगा वाजवत ठेवला, पण वर पाहिल्यावर मार्कच नाही म्हणून गोंधळलेले त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून मार्क बोटीनं, मार्कला वळसा घातलेल्या प्रत्येक ऑप्टिमिस्टचा शीड-क्रमांक वायरलेसवर कळवायचा आणि माझ्या यादीत शेवटच्या क्रमांकावर खूण झाल्यावरच नारिंगी उचलायचा, असा शिरस्ता ठेवला आहे.

आणि मतलई पडून खारा वारा एकदम उलट दिशेनं आला, तर मार्क हलवून काही साधत नाही. त्या वर्गझेंड्यावर एन झेंडा (शर्यत सोडून दिल्याची खूण) लावा, तीन भोंगे द्या, आणि वारा स्थिरावल्यावर नवी रेषा टाका.