झिजलेलं सस्पेन्शन बुश काढायचं, तेही आर्म न वाकवता

चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा म्हणजे आर्म, आणि त्याच्या भोकात बसलेला रबरी जोड म्हणजे बुश. गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवलीय, चाक उतरवलंय, बोल्टांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल पाजलंय, असं धरून चालतो. लोअर आर्मवर कॉइल स्प्रिंग बसलेली असेल तर ती स्प्रिंग कंप्रेसरने (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराने) आवळल्याशिवाय आर्मचा एकही बोल्ट सैल करायचा नाही. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात जायबंदी झाला म्हणूनच समजा.

आर्म उतरवा. बोल्टांमागून शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) निघाल्या तर प्रत्येक बोल्टाच्या वेगळ्या तारेत ओवून चिठ्ठी बांधा, नाहीतर चाकाचा कल बिघडतो. बुशाच्या रबरात पोकळी असेल तर तिचं तोंड कुठल्या दिशेला आहे, याची आर्मवर खूण करा.

आता खरं काम. बुश म्हणजे आत एक लोखंडी नळी, बाहेर दुसरी आणि मध्ये चिकटवलेलं रबर. झिजतं ते रबर, छळते ती बाहेरची नळी. वर्षानुवर्षांच्या गंजाने ती आर्मशी एकजीव झालेली असते.

आधी पुलर लावून बघा. लांब आटेदार बोल्ट घ्या. एका बाजूला आर्मच्या भोकापेक्षा किंचित लहान चकती, दुसऱ्या बाजूला बुश आत मावेल असा पाइपचा तुकडा. बुशाला कॉलर (एका टोकाला बाहेर आलेली कड) असेल तर ओढायचं कॉलरच्या दिशेनेच. आट्यांना ग्रीस लावून नट आवळत जा. ‘कट्’ असा आवाज होऊन बुश हललं तर सुटलात. नट जड होत चाललाय आणि बुश ढिम्म हलत नाही, अशी वेळ आली की थांबा. आटे गेल्यावर शहाणपण सुचून उपयोग नाही.

इथे कुणीतरी हमखास सांगतो, हातोडा घाल. माझ्या पहिल्या आर्मवर मी तेच केलं. बुश तसंच राहिलं आणि पत्र्याच्या आर्मचे दोन्ही कान (बुश धरणाऱ्या दोन बाजू) एकमेकांकडे झुकले. तो आर्म भंगारात गेला. दुसरा सल्ला रबर जाळायचा. धूर विषारी असतो, आणि रबर जळालं तरी बाहेरची नळी जागच्या जागीच. म्हणजे शेवटी करवत आलीच, मग पहिल्यापासूनच का नको?

आर्म व्हाइसमध्ये पकडा, चष्मा घाला. आतल्या नळीभोवती रबरात जवळजवळ भोकं पाडा, ड्रिलचा वेग कमी ठेवून. रबर ड्रिलला पकडून हिसका देतं, म्हणून आर्म हातात धरून हे करायचं नाही. आतली नळी ढकलून काढा, उरलेलं रबर कापून टाका.

पुढे जाण्यापूर्वी नव्या बुशाचा डबा उघडून बघा. काही पॉलियुरेथेन बुशांना जुनीच बाहेरची नळी लागते. तशी असतील तर नळीला हात लावू नका, नुसती घासून साफ करा.

नसतील तर हॅकसॉचं ब्लेड भोकातून ओवून फ्रेमला परत लावा, दाते बाहेरच्या बाजूला. नळीला लांबीच्या दिशेने एक चीर द्या. ही नळी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्या मागे लगेच आर्म. माझी चूक इथेही झाली: फ्रेम तिरकी धरली, त्यामुळे एका टोकाला ब्लेड आर्ममध्ये उतरलं आणि दुसऱ्या टोकाला नळी अख्खी राहिली. म्हणून चार-पाच फेऱ्या झाल्या की टॉर्च मारून दोन्ही टोकं बघा. आरपार कापायचा हट्ट नको, केसभर जाडी राहू द्या. मग बारीक छिन्नी चिरेच्या कडेला लावून नळी आतल्या बाजूला मुडपा. ती पिळवटली की पकड सुटते आणि हलक्या ठोक्यांनी बाहेर येते. ठोकताना कानांच्या मध्ये नेमक्या मापाचा लोखंडी तुकडा अडकवायला विसरू नका.

भोक एमरी पेपरने घासा, आतून नख फिरवा. नख जेमतेम अडखळलं तर कड कानशीने मऊ करून नवं बुश बसवा. नख रुतलं किंवा तडा दिसला तर आर्म बदला.