यकृतातील दाब नळी न घालता कसा अजमावावा

दंडाला पट्टा बांधून मोजलेल्या रक्तदाबावरून आतड्यांचे रक्त यकृतात आणणाऱ्या पोर्टल शिरेतील दाब कळत नाही. तो नेमका मोजायचा तर मानेतील शिरेतून बारीक नळी यकृतापर्यंत न्यावी लागते. त्या मोजणीत यकृताची शीर अडवून आणि मोकळी ठेवून मिळणाऱ्या दाबांतील फरक पाऱ्याच्या ५ मिलिमीटरपर्यंत सामान्य मानतात, तर १० किंवा अधिक असल्यास गुंतागुंतीची शक्यता वाढते. ही तपासणी सरसकट करता येत नाही, म्हणून आधी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा ताठरपणा बाहेरून मोजणारी तपासणी, करतात.

फायब्रोस्कॅनपूर्वी किमान तीन तास काही खाऊ नये. नागपुरात सकाळची वेळ मिळाली असेल, तर तर्री-पोहे नंतरच खावेत, कारण जेवणानंतर यकृताकडील रक्तप्रवाह वाढतो आणि ताठरपणाचा आकडा फुगतो. कावीळ किंवा यकृताची ताजी सूज असतानाही तो फुगतो आणि पोटात पाणी झाले असल्यास मोजणी बहुधा जमतच नाही. अहवालात दहा वैध नोंदी आहेत का, हे अवश्य पाहावे.

हा आकडा एकटा वाचू नये. पोर्टल दाबवाढीवरील तज्ज्ञांच्या २०२१ च्या बावेनो-७ सहमतीनुसार ताठरपणा १५ किलोपास्कल किंवा कमी आणि प्लेटलेट दीड लाख किंवा अधिक असल्यास लक्षणीय दाबवाढ जवळजवळ नाकारता येते. ताठरपणा २५ किंवा अधिक असल्यास ती असण्याची शक्यता मोठी असते, मात्र लठ्ठ व्यक्तींच्या फॅटी लिव्हरमध्ये हा दुसरा निकष तितका भरवशाचा नाही. माझ्या मते खरी फसगत मऊ यकृताच्या अहवालाने होते. पोर्टल शीर यकृताबाहेरच गुठळीने बंद झाली असेल, तर यकृत जवळपास निरोगी दिसूनही दाब चढलेला असतो आणि हा आजार आपल्याकडे मुलांमध्येही आढळतो. म्हणून प्लीहा मोठी असल्यास डॉप्लर सोनोग्राफी करून शिरेतील प्रवाहाची दिशा आणि वेग तपासून घ्यावा.

दाब अजमावण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे संगणकीय प्रारूप. त्यात सीटी स्कॅनवरून शिरांची त्रिमितीय रचना उभारतात, तिला डॉप्लरचा वेग पुरवतात आणि द्रवगतीच्या समीकरणांतून दाब काढतात. डॉप्लरचा कोन चुकला तर वेग चुकतो आणि त्यासोबत उत्तरही. ही पद्धत मुख्यतः संशोधनापुरती असल्याने केवळ तिच्या आधारे औषध सुरू किंवा बंद करू नये. सीटीसाठी शिरेतून रंगद्रव्य देतात, त्यामुळे आधी मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे.

रक्ताची उलटी किंवा काळी, चिकट शौच झाल्यास मात्र यांपैकी कशाचीही वाट न पाहता रुग्णाला नागपुरातील मेडिकल, मेयो किंवा जे जवळ असेल त्या रुग्णालयाच्या अपघात विभागात तत्काळ न्यावे.