ठाण्याहून जर्मनीला निघण्यापूर्वी: कागद, घर आणि नोकरी

जर्मनीत नोकरी करायला जाणाऱ्याला काय जड जाते असे विचारले की लोक थंडी, जेवण आणि एकटेपणा ही तीन नावे लगेच घेतात. श्टुटगार्टजवळच्या एका गावात सात वर्षे काढून ठाण्याला परतल्यावर माझे मत असे झाले आहे की थंडीला जाकीट मिळते, जेवणाला भारतीय वाणसामानाचे दुकान मिळते, पण क्रम चुकला तर त्यावर तिथे विकत काहीच मिळत नाही. तिथला प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो. घराशिवाय पत्त्याची नोंद होत नाही, नोंदीशिवाय कर क्रमांक येत नाही, आणि मुदत संपण्याआधी अर्ज गेला नाही तर राहण्याचा परवानाच धोक्यात येतो. या साखळीच्या निम्म्या कड्या इथे, ठाण्या-नवी मुंबईतच, जुळवून ठेवता येतात. म्हणून तयारीची सुरुवात सूटकेसपासून न करता स्वतःच्या नावापासून करावी.

आपल्याकडे नाव लिहिण्याच्या तीन-चार पद्धती एकाच घरात सुखाने नांदतात. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव असते. पासपोर्टात आडनाव वेगळ्या रकान्यात असते आणि स्वतःच्या नावाला वडिलांचे नाव चिकटलेले असते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीची पदवी माहेरच्या नावाने, आधार कार्ड सासरच्या नावाने आणि पॅन कार्ड कधी या तर कधी त्या नावाने असते. ठाण्यातला कारकून हे सगळे एका नजरेत समजून घेतो. जर्मन कारकुनाला मात्र ती तीन वेगळी माणसे वाटतात, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणून पासपोर्टावरचे नाव प्रमाण मानून बाकीचे कागद त्याच्याशी ताडून पाहावेत आणि जिथे फरक असेल तिथे राजपत्रातील नावबदल, विवाह नोंदणी दाखला किंवा प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावे. जन्मदाखला विशेष तपासावा. जुन्या नोंदींत पुष्कळदा बाळाच्या नावाची जागा कोरीच राहिलेली असते, आणि जन्म साताऱ्याला किंवा रत्नागिरीला झाला असेल तर त्या दुरुस्तीसाठी ठाणे महापालिकेत जाऊन उपयोग नसतो. गावच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेतच जावे लागते. याला किमान दोन महिने धरावेत.

पदवीचे काम त्यानंतरचे. आपले विद्यापीठ आणि आपली पदवी जर्मनीत मान्य आहे का, हे ‘अनाबिन’ या जर्मन माहितीकोशात विनामूल्य पाहता येते. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ अशी खूण असेल आणि पदवीही यादीत असेल तर त्या पानाची छापील प्रत पुरते. नसेल तर तिथल्या केंद्रीय कार्यालयाकडून पदवीच्या समकक्षतेचे प्रमाणपत्र शुल्क भरून मागवावे लागते. परिचारिकांसाठी हा मार्ग निराळा आहे, कारण त्यांचा व्यवसाय तिथे परवान्याशिवाय करता येत नाही आणि शिक्षणाची तपासणी, भाषेची परीक्षा व पुष्कळदा पूरक प्रशिक्षण असे टप्पे त्यांना पार करावे लागतात.

कोणत्या परवान्यावर जायचे हे पगारावर आणि पात्रतेवर ठरते. पदवीधराला हातात नोकरीचा करार असेल तर ‘ब्ल्यू कार्ड’, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा राहण्या-कामाचा परवाना, सर्वांत सोयीचे. त्यासाठी २०२५ साली वर्षाला किमान ४८,३०० युरो पगार लागत होता, आणि मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांत ही मर्यादा कमी होती. हा आकडा दर जानेवारीत बदलतो. ब्ल्यू कार्डधारकाच्या पती किंवा पत्नीला व्हिसासाठी जर्मन भाषेची अट नसते आणि तिथे पोहोचल्यावर नोकरी करण्याची मुभाही असते. १ जून २०२४ पासून सुरू झालेले ‘चान्सनकार्ट’ मात्र नीट समजून घ्यावे. ती नोकरी नव्हे, एक वर्षापर्यंत नोकरी शोधण्याची परवानगी आहे. त्या काळात आठवड्याला २० तासांपर्यंतच अर्धवेळ काम करता येते आणि खर्चाची तजवीज (२०२५ साली दरमहा १,०९१ युरो) आधीच दाखवावी लागते. माझ्या मावसभावाकडून एका दलालाने याच कार्डाला ‘पक्की नोकरी’ म्हणून दोन लाख रुपये घेतले. अर्ज स्वतः भरता येतो, आणि अधिकृत माहिती ‘मेक इट इन जर्मनी’ या सरकारी संकेतस्थळावर इंग्रजीतही आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीतून बदलीवर जाणाऱ्यांनी भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून सामाजिक सुरक्षेचे प्रमाणपत्र घेण्याविषयी कंपनीला आवर्जून विचारावे. भारत आणि जर्मनी यांच्यातला तो करार १ मे २०१७ पासून लागू आहे.

भाषेबद्दल मी थोडा हट्टी आहे. संगणक क्षेत्रातल्या मुलांना सगळे सांगतात की तिथे इंग्रजीवर भागते, आणि कंपनीच्या दारापर्यंत ते खरेही आहे. पण घरमालक, बालवाडीची शिक्षिका, गॅस-विजेचे बिल आणि सरकारी पत्र यांतले कोणीच इंग्रजीत बोलत नाही. भाषेच्या पातळ्या ए१ पासून सुरू होऊन ए२, बी१ अशा चढत जातात; निघण्यापूर्वी किमान ए२ आणि जमल्यास बी१ पातळी गाठावी. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात वर्ग आणि परीक्षा दोन्ही होतात. रोज ठाणे-वाशी लोकलने ये-जा करणाऱ्याला तर जाता-येता शब्द पाठ करायला तास-दीड तास फुकट मिळतो. याचा पुढे रोख फायदा आहे: ब्ल्यू कार्डधारकाला ए१ पातळीवर २७ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, तर बी१ असल्यास २१ महिन्यांनीच.

आता घर. तिथे पहिले दोन-तीन महिने तात्पुरत्या सुसज्ज खोलीत काढावे लागतात असे गृहीत धरूनच निघावे, पण ती खोली घेण्यापूर्वी एक प्रश्न लेखी विचारावा: या पत्त्यावर ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंद, करता येईल का? राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नगरकचेरीत ही नोंद करणे कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिणाऱ्याच्या पगारातून आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च कर वेगळा कापला जातो, हे वसई-ठाण्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी ध्यानात ठेवावे. नोंदीनंतर कर क्रमांक टपालाने येतो, आणि तो वेळेत न मिळाल्यास पगारावर सर्वांत जड वर्गाचा कर कापला जाऊ शकतो. जास्तीचा पैसा नंतर परत मिळतो, पण पहिल्या महिन्यात तो खिशात नसतो.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. कर क्रमांकाची वाट पाहत मी पाच आठवडे बसलो, दोनदा कचेरीत जाऊन आलो आणि शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला हाताला धरून टपालपेटीपाशी नेले. पेटीवर आधीच्या भाडेकरूचे नाव होते. जर्मनीत सदनिकेला सहसा क्रमांक नसतो. पोस्टमन पेटीवरचे आडनाव वाचतो आणि ते नसेल तर पत्र परत पाठवतो. आपल्याकडे ‘बी विंग, ४०२’ लिहिले की काम होते, आणि वॉचमन तर नाव न वाचताही पार्सल घेतो. किल्ली हातात येताच पहिले काम म्हणून पेटीवर आणि बेलवर पासपोर्टातले आडनाव लावावे, पत्नीचे आडनाव वेगळे असेल तर दोन्ही लावावीत. पिवळ्या पाकिटातले पत्र, म्हणजे पोहोचल्याची अधिकृत नोंद ठेवून दिलेले पत्र, आले तर त्यावर पोस्टमनने लिहिलेली तारीख पाहावी. उत्तराची मुदत त्या दिवसापासून मोजली जाते, आपण पाकीट कधी फोडले यावरून नव्हे.

कायमचे घर शोधताना भाड्याचे दोन आकडे दिसतात. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसते भाडे आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे पाणी, कचरा, बहुधा तापवण्याचा खर्चही धरून. वीज आणि इंटरनेट पुष्कळदा त्याच्याही बाहेर असतात. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. बरीच घरे स्वयंपाकघराविना मिळतात. ओटा नाही, सिंक नाही, छताला दिव्याच्या जागी दोन तारा लोंबत असतात. ठाण्यातल्या माणसाला हे घर अर्धवट बांधलेले वाटते, पण तीच तिथली रीत आहे. हिवाळ्यात भाताची वाफ बंद खोलीत कोंडली की भिंतीला बुरशी धरते आणि घर सोडताना अनामतीतून वजावट होते, म्हणून दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटे हवा खेळू द्यावी. दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो प्रसारण शुल्क भरावे लागते, घरात टीव्ही असो वा नसो.

पगाराचा आकडा रुपयांत मोजण्याचा मोह टाळावा. वर्षाला ४८,३०० युरो म्हणजे दरमहा ४,०२५. त्यातून एकट्या माणसाचा कर, निवृत्तिवेतन, आरोग्य, बेकारी आणि शुश्रूषा विमा जाऊन हातात सुमारे २,६०० उरतात. पत्नी ठाण्यातच असेपर्यंत विवाहित माणसाचीही गणना पहिल्या, म्हणजे अविवाहितांच्या, करवर्गातच होते. ती तिथे येऊन नोंदणी झाल्यावर वर्ग बदलून घेता येतो.

नोकरीच्या जागी सगळ्यांत आधी बदलावा लागतो तो आपला होकार. माझ्या तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी विचारले, ‘शुक्रवारपर्यंत होईल का?’ मी सवयीने म्हणालो, ‘होऊन जाईल.’ आपल्याकडे या शब्दांत ‘प्रयत्न करतो, बघू’ हे ऐकणाऱ्याला आपसूक ऐकू येते. त्यांनी ते वचन म्हणून वहीत लिहिले आणि शुक्रवारी दुपारी दोन वाजता काम मागितले. काम अपुरे राहिल्याचा त्यांना राग आला नाही. बुधवारी सांगितले का नाही, याचा आला. तिथे ‘जमणार नाही’ असे वेळेवर सांगणारा माणूस भरवशाचा ठरतो. टीकाही सरळ तोंडावर होते आणि तासाभराने तोच माणूस कॉफीला बोलावतो, त्यामुळे ती मनाला लावून घेऊ नये. करारातल्या पहिल्या सहा महिन्यांपर्यंतच्या परीविक्षा काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांच्या सूचनेने नोकरी संपवता येते. या काळात गाडी, मोठे फर्निचर किंवा दोन वर्षांचा मोबाइल करार घेऊ नये. आजारपणाची रजा वार्षिक रजेतून वजा होत नाही, पण पहिल्याच दिवशी कळवावे लागते आणि आजार तीन दिवसांहून लांबला तर डॉक्टरांचा दाखला लागतो.

परवान्याची मुदत संपण्याच्या चार-पाच महिने आधी परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ मागावी, कारण मोठ्या शहरांत ती लवकर मिळत नाही. ब्ल्यू कार्डावर पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलली तर तेही त्या कार्यालयाला कळवावे लागते. नूतनीकरण अडकलेले असताना गणपतीला घरी येण्याची तिकिटे काढू नयेत. आधी प्रवासाला चालणारा तात्पुरता दाखला हातात घ्यावा.

सामानाविषयी थोडक्यात. मांस आणि दूध यांचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे आणि खवा राहिले. ताजा हापूस आणि कढीपत्ताही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. मासळीला मात्र २० किलोपर्यंत सूट आहे, तेव्हा सुके बोंबील आणि जवळा न्यायला हरकत नाही; फक्त पाकीट घट्ट बंद करावे आणि भाजताना शेजाऱ्यांचा विचार करावा. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शन शेगडीवर तापत नाही, स्टीलचा न्यावा. आपला वाहन परवाना पहिले सहा महिनेच चालतो; त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

मागे राहणाऱ्या घराची व्यवस्था बहुतेक जण विसरतात. बँकेतले साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे आणि ओटीपी येणारा भारतीय मोबाइल क्रमांक चालू ठेवावा, नाहीतर सोसायटीचा देखभाल खर्च भरणेही परदेशातून अडते. सदनिका नावावर असेल तर भाऊ, बहीण किंवा आई-वडिलांपैकी कोणाला तरी कुलमुखत्यारपत्र निघण्याआधीच नोंदवून द्यावे. तेच तिथून करायचे तर भारतीय दूतावासापर्यंत खेप पडते. फोनची वेळही ठरवून ठेवावी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि फरक साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जातो. ठाण्यात रात्रीचे नऊ वाजलेले असतात, आई जेवणे आटोपून फोनपाशी बसलेली असते, आणि तिथे दुपारचे साडेचार झालेले असून बाहेर अंधार पडत आलेला व तुम्ही अजून कामावर असता. म्हणून हिवाळ्यापुरता तो फोन शनिवार-रविवारच्या सकाळी ठेवावा.