जुना पीसी वाढवायचा की नवा घ्यायचा? पाच मिनिटांची चाचणी

गेम अडखळायला लागला की सांगलीत दुकानात पहिला सल्ला मिळतो, "नवीन असेंबल करा." थांबा, आधी घरीच हे बघा.

१. कॅबिनेट उघडून पंख्यांतली धूळ ब्रशने काढा. इथल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो, आणि अनेकदा दुखणं एवढंच असतं.

२. नेहमीचा गेम लावा, फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात) दाखवणारा काउंटर सुरू करा, मग गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन, म्हणजे चित्राची बारकाई, १०८०पीवरून ७२०पीवर आणा. व्ही-सिंक (फ्रेम स्क्रीनच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद हवी, नाहीतर आकडा फसवतो. फ्रेम बऱ्याच वाढल्या तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. फक्त कार्ड बदला. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर बहुधा प्रोसेसर थकलाय.

३. टास्क मॅनेजरमध्ये रॅम पूर्ण भरलेली दिसली तर ती वाढवा. एकच रॅम स्टिक असेल तर तशीच दुसरी जोडा.

प्रोसेसर थकलेला असेल तर त्याच मदरबोर्डवर (सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड) त्याहून वरचा बसतो का, ते बघा. बसत नसेल तर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि बहुतेक वेळा रॅमही बदलावी लागते. तेव्हा मात्र नवा पीसीच परवडतो. इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या प्रोसेसरवर तर माझं मत सरळ आहे, पैसे घालू नका: मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ त्यांच्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

नवं कार्ड घेण्याआधी एसएमपीएसचे (पीसीला वीज पुरवणारा डबा) वॅट आणि पॉवर कनेक्टर नक्की तपासा.