लढाऊ विमानाचं चित्र: काढायचं कसं, विकायचं कसं

मारुत या भारतीय लढाऊ विमानाच्या शेपटीला दोन भोकं असतात. शेजारीशेजारी बसवलेली दोन ऑर्फियस इंजिनं, त्यामुळे विमानाचा मागचा भाग रुंद आणि चपटा. मागून तिरकं दिसणारं मारुत मी पहिल्यांदा रंगवलं तेव्हा त्यात एकच भोक काढलं होतं. अमळनेरहून हवाई दलातले एक निवृत्त गृहस्थ चित्र घ्यायला आले. बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “गुरजी, दुसरं भोक कोठे गयं?” त्यांनी याच इंजिनांवर हात काळे केले होते. ते चित्र मी विकलं नाही. नवं काढून दिलं, त्याला पाच महिने लागले.

म्हणून सांगतो, ब्रश उचलायच्या आधी गिऱ्हाइकाशी तासभर बोला. ही चित्रं घेणारा बहुतेक वेळा त्या विमानाजवळ राहिलेला असतो, नाहीतर त्याचे वडील राहिलेले असतात. स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) कोणतं, साल कोणतं, तळ कोणता, वेळ सकाळची की दुपारची, हे सगळं वहीत लिहून घ्या.

सालावर खुणा ठरतात. १९३३ साली हवाई दलाची सुरुवात वापिती विमानांनी झाली, तेव्हा त्यांच्यावर ब्रिटिश राउंडेल, म्हणजे विमानावरची देशाची गोल खूण, होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर राउंडेलमधला लाल रंग काढून टाकला, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि आपलेच लोक आपल्याच विमानावर गोळ्या झाडण्याची भीती होती. १९४४ च्या इंफाळच्या लढाईतल्या हरिकेन विमानावर लाल ठिपका दिसला की जाणकार माणूस चित्र खाली ठेवतो. स्वातंत्र्यानंतर थोडी वर्षं अशोकचक्र होतं. १९५० पासून आजचा राउंडेल आहे: आत हिरवा, मध्ये पांढरा, बाहेर केशरी.

वेळेवर सावल्या ठरतात. राजस्थानातल्या लोंगेवालाच्या लढाईचं चित्र बरेच जण मागतात. ५ डिसेंबर १९७१ ला जैसलमेरहून हंटर विमानं उडाली ती उजाडल्यावर, रात्री लढण्याची सोय त्यांच्यात नव्हती. म्हणजे ऊन पूर्वेकडून, तिरपं आणि थंडीच्या दिवसांतलं. वाळूतल्या रणगाड्यांच्या सावल्या लांबलचक हव्यात. माथ्यावरचा सूर्य दाखवला की ते लोंगेवाला राहत नाही.

विमान प्रत्यक्ष पाहायचं तर दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात जा. वापिती, स्पिटफायर, हरिकेन, नॅट, मारुत तिथे एका ठिकाणी मिळतात. जळगाव-भुसावळहून रेल्वे थेट आहे. मोबाइलने अगदी जवळून फोटो काढू नका, नाक फुगतं आणि शेपटी आटते. मागे सरका आणि झूम करा. मापं वेगळी उतरवा. मिग-२१ चा पंखविस्तार ७.१५ मीटर आहे. हा आकडा धरून चौकोन पाडले तर बाकीचं प्रमाण आपोआप सापडतं.

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या वस्तुचित्रात घागरीचं तोंड नीट काढलं असेल, तर तिरक्या पंखावरचा राउंडेल जमतो. दोन्हीकडे लंबवर्तुळच आहे.

सगळ्यात अवघड आहे ते न रंगवलेलं धातूचं अंग. ते मी दुधाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनवर शिकलो. कॅन केळीच्या बांधावर आडवा ठेवा आणि पाच पावलं मागे या. वरच्या बाजूला आकाशाचा निळा दिसेल, मधे झाडांची गडद रेघ आणि पोटाला आपल्या काळ्या मातीचा रंग. विमानाचंही तसंच असतं, ज्या जमिनीवरून ते उडतं ती त्याच्या पोटाला उतरते. राजस्थानवर उडणाऱ्या विमानाचं पोट पिवळसर हवं. राखाडीसाठी काळा रंग वापरू नका. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि टायटेनियम व्हाइट पुरतात.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळतं. ओल्या फडक्यावर बटर पेपर अंथरून त्यावर रंग काढा, आणि पहाटे बसा. आकाशातल्या रंगाचे मोठे उतार मी तैलरंगातच करतो. मग शेवटचं व्हार्निश सहा महिन्यांनंतर, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

विकण्याआधी दोन गोष्टी कायद्याच्या. दुसऱ्याचा फोटो जसाच्या तसा उतरवून विकू नका. आपल्या कायद्यात फोटोवरचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. दुसरी गोष्ट आपल्या बऱ्याच चित्रकारांना ठाऊक नसते: कुणी पैसे देऊन चित्र काढायला सांगितलं आणि वेगळा करार नसेल, तर त्या चित्राचा कॉपीराइट सांगणाऱ्याचा होतो. पुढे प्रिंट काढायच्या असतील तर आधीच कागदावर लिहून सही घ्या. स्वतःच्या मनाने काढून नंतर विकलेल्या चित्राचा हक्क मात्र तुमच्याकडेच राहतो.

भाव मी चौरस इंचाला १५ रुपये धरतो, फ्रेम वेगळी. २४ बाय ३६ चे १२,९६० होतात. नात्यातल्यालाही तोच भाव, एकदा कमी केला की आधी घेतलेल्याचा अपमान होतो. मागच्या बाजूला विमान, प्रसंग, माध्यम, माप, साल आणि सही. प्रिंट असेल तर प्रिंट असंच लिहा.

पाठवायला शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला सहा इंची पीव्हीसी तुकडा उत्तम. रंगाची बाजू बाहेर ठेवून कॅनव्हास गुंडाळा, आत घेतला तर रंग दबून सुरकुततो. वर बटर पेपर आणि दोन्ही टोकांना झाकणं. ॲक्रिलिकचं चित्र उन्हाळ्यात पाठवू नका, तापलेल्या गाडीत रंग मऊ होऊन कागदाला चिकटतो. मी पहिला पाऊस पडेपर्यंत थांबतो, आणि नळीला आतून प्लॅस्टिक लावतो.