थॅलियम-२०४ची बीटा रेंज: मोजायला बसण्याआधी

बीटा रेंज म्हणजे बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) पूर्ण थांबवायला लागणारी जाडी. सोर्सवर (किरणोत्सारी चकतीवर) ॲल्युमिनियमचे पत्रे वाढवत काउंट मोजायचे, रेंज काढायची आणि तिच्यावरून ऊर्जा. जीएम काउंटर (किरण मोजणारी गायगर नळी), स्टँड, चिमटा, टीएलडी बिल्ला (अंगावर पडलेली किरणमात्रा नोंदणारा), लॉगबुक: हे सांगायला लागू नये. सोर्सवरची तारीख मात्र वाचा. थॅलियम-२०४चं अर्धायुष्य ३.७८ वर्षं, म्हणजे आठ वर्षांपूर्वीच्या चकतीत पाव भागही उरलेला नसतो. काउंट कमी येतात म्हणून व्होल्टेज चढवू नका. पठार (व्होल्टेज वाढवूनही काउंट जवळपास तेच राहतात तो पट्टा) २०-२० व्होल्टनी काढा आणि त्याच्या मध्याअलीकडेच थांबा. पठार ओलांडलं की नळीत सलग डिस्चार्ज सुरू होतो आणि नळी कामातून जाते. अभ्रकाच्या खिडकीला बोट लावायचं नाही, का ते विचारू नका.

आता बॅकग्राउंड, म्हणजे बीटांशिवाय येणारे काउंट. दोनदा घ्यायचं. एकदा सोर्स लांब नेऊन, हे सगळेच करतात. दुसऱ्यांदा सोर्स जागेवरच ठेवून, वर २.२ मिमी ॲल्युमिनियम टाकून. गेल्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं. थॅलियमचे सर्वांत जोरदार बीटा ७६३ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचे, ते १.१ मिमीच्या आतच संपतात. त्यापलीकडे जे काउंट येतात ते ब्रेम्सस्ट्रालुंगचे (बीटा मंदावताना निघणाऱ्या क्ष-किरणांचे) आणि इलेक्ट्रॉन कॅप्चरनंतर (केंद्रकानं स्वतःचाच इलेक्ट्रॉन गिळल्यावर) निघणाऱ्या पाऱ्याच्या क्ष-किरणांचे. नुसतं खोलीचं बॅकग्राउंड वजा केलंत तर आलेखाची शेपटी खाली उतरतच नाही, रेंज लांबते, ऊर्जा फुगते. त्यात अँटिन्यूट्रिनो (बीटाबरोबर निघणारा, जवळजवळ वस्तुमानहीन कण) ऊर्जेतला आपला वाटा घेऊन जात असल्यामुळे बीटाचा वर्णपट सलग, म्हणजे शेवट आधीच पुसट. म्हणून दुसरं बॅकग्राउंड. त्याच दिवशी, त्याच खाचेत, निदान १५ मिनिटं. वहीत त्याचा रकाना आत्ताच आखून ठेवा.

पत्र्यांवर छापलेल्या जाडीवर विसंबू नका. वजन करून क्षेत्रफळानं भागा, जाडी मिग्रॅ/सेमी²मध्ये मिळते. खिडकीचे २-३ मिग्रॅ/सेमी² आणि हवेचे दर सेंटीमीटरला १.२ त्यात मिळवा. उघड्या सोर्सला सेकंदाला २०० काउंट आणि डेड टाइम (एका काउंटनंतर नळी बधिर राहते तो वेळ) १०० मायक्रोसेकंद असेल तर दोन टक्के गळती होते, ती दुरुस्त करा. सुरुवातीला १०,००० काउंट पुरेत, शेपटीला वेळ द्या.

पुढचं नेहमीचंच: दुसरं बॅकग्राउंड वजा, सेमीलॉग कागद, रेंजवरून ऊर्जा देणारं काट्झ-पेनफोल्डचं सूत्र. रेंज २९० मिग्रॅ/सेमी²च्या आसपास यायला हवी. ३२० आली तर सूत्राला दोष देण्याआधी दुसऱ्या बॅकग्राउंडचा तो रकाना भरलाय का बघा. सोर्स डब्यात, लॉगबुकात सही.